मामांचा शेवटचा वाटा

लक्ष्मणमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीममध्ये चिकनच्या दुकानासमोर उभा होतो. माझी कोंबडी कापून झाली होती. कापलेली कोंबडी कुणी परत घेत नाही, म्हणून पिशवी घरी दिली आणि मामांच्या गावाची, किन्हीराजाची एसटी धरली.

आता महिना उलटला. मामा म्हटलं की मला त्यांनी लावलेले वाटे आठवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, त्यांच्या गल्लीतली पाच-सहा घरं मिळून एक बोकड कापायची. पळसाची पानं मांडून मामा वाटे लावत. तराजू नाही, नुसती नजर. प्रत्येक पानावर थोडी कलेजी, थोडी चरबी, एखादी नळी... मग ज्याला जो आवडेल तो वाटा त्यानं उचलायचा आणि उरेल तो मामांचा. वाटे लावणाऱ्यानं आधी हात लावायचा नाही, ही रीत. त्यामुळे कुरबुर म्हणून कधी झाली नाही.

पुढे शेलूबाजारात ब्रॉयलरची दुकानं झाली. गल्लीत कुणी तुळशीची माळ घालून मटण सोडलं, कुणाचं मटण डॉक्टरांनी बंद केलं, पोरांना हाडाचं नको झालं. मनात आलं की अर्धा किलो आणायचं, ही सोय मलाही आवडते. मामा मात्र चिकनचा तुकडा चघळत म्हणायचे, "हे कोंबडं नोय रे, कापूस हाय."

मागच्या पोळ्याला त्यांनीच फोन केला. "तीन घरं जमले. चौथा मी. तू हो म्हण, मंग बोकड घेतो. पुढच्या साली कोन जमते?" मी हो म्हणालो. करीच्या दिवशी घरी पाहुणे आले आणि माझं जाणं राहिलं. संध्याकाळी पुन्हा फोन. "येऊन राह्यला ना?"

"उद्या येतो मामा, ठेवा," म्हणालो. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही.

परवा मामींकडे बसलो असताना सहज विचारलं, माझ्या वाट्याचं काय केलं होतं?

"दुसऱ्या दिवशी वास मारू लागले, मंग कुत्र्यांले टाकले दोन्ही."

"दोन्ही?"

"तुह्या मामाचाबी. तुहा उचलल्याबिगर त्याईनं आपला उचललाच नाई. करीच्या दिवशी बेसन-भाकर खाल्ली अन् झोपले."

मामींच्या बोलण्यात ठपका नव्हता. त्या करीला पाहुण्यांसाठी आमच्याकडे चिकन शिजलं होतं, आणि मी दोनदा वाढून घेतलं होतं. त्याची मला लाज वाटते.