कीबोर्डवरचे कागदाचे तुकडे

सेमिनारसाठी मी सिंथपॉप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरचं पॉप संगीत, वाजवणाऱ्या एका अमेरिकन बँडचा इतिहास घेतला आहे. लायब्ररीत त्यांच्या सुरुवातीच्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहत होते. समोर गर्दी नाचत होती आणि बँडमधल्या एका मुलीच्या कीबोर्डच्या पट्ट्यांवर कागदाचे तुकडे चिकटवलेले होते. प्रत्येकावर पेनाने सुराचं नाव लिहिलेलं. ते तिने झाकलेही नव्हते. पुढे बँडमधले बाकीचे एकेक करून बँड सोडून गेले, ती वाजवत राहिली.

मीही इंग्रजी शब्दांचे उच्चार वहीत देवनागरीत लिहिते आणि कुणाला दिसू नये म्हणून वर हात ठेवते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मला वाटायचं, आधी सगळं यायला हवं, मगच चारचौघांत उभं राहावं. कदाचित तसं नसेलही.

शेजारी बसलेल्या, माझ्याच वर्गातल्या रेश्माने वही ओढली. "हे बघून बोलणार वर्गात? हसतील गं सगळे."

"हसू देत," मी म्हणाले. वही परत माझ्याकडे घेतली. "तू फक्त हा शब्द नीट कसा म्हणायचा ते सांग."

तिने दोनदा म्हणून दाखवला. मी तिच्यासमोरच लिहून घेतला. मग उठले आणि बाईंना सांगून आले, सोमवारच्या सेमिनारला पहिली मी बोलणार.