अठरा मिलिमीटर

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वडिलांच्या पाठीत कळा येऊ लागल्या. मूतखड्याचा संशय होता. आम्ही घाटकोपरला राहत होतो. सीटी स्कॅनसाठी अंधेरीला जावं लागलं. खडा निघाला नाही. मात्र अहवालाच्या शेवटी एक वाक्य होतं: डाव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत लहान गाठ, योगायोगानं आढळलेली.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. मजकूर कापणं हे रोजचं काम. वडिलांना अहवाल मराठीत वाचून दाखवताना ते वाक्य मी गाळलं. गाठ म्हणजे कॅन्सर, हाच अर्थ आमच्या घराला माहीत होता. स्कॅन करायला सांगणाऱ्या सर्जनना मी एकटाच भेटलो. "काढून टाकलेली बरी," ते म्हणाले. पोट उघडावं लागणार होतं. वडील साठीला आले होते.

ते गिरणीत फिटर होते; गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या वर्कशॉपात लेथवर काम करत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्कॅनची फिल्म गॅलरीच्या उजेडात धरली.

"ह्यो दोन फुल्यो कसल्यो रे? आणि बाजूक अठरा मिलिमीटर?"

"मशीनची खूण असेल, बाबा."

"मशीन उगाच माप घेणा नाय. माका सांगूचा नाय, असा ठरवलंस काय?"

आई दारात येऊन उभी राहिली. मी दोघांना सगळं सांगितलं. वडिलांनी फिल्म पाकिटात घातली. "ज्यान् माप घेतला, तेकाच विचारूया."

स्कॅन पाहणाऱ्या डॉक्टर बाई तरुण होत्या. पेशंटनं स्वतः प्रश्न विचारण्याची त्यांना सवय नसावी. वडिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कड कशी आहे? गुळगुळीत की खडबडीत?"

बाईंनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. गाठ लहान होती, कड गुळगुळीत, आतला रंग सगळीकडे सारखा. अशा गाठी बहुतेक निरुपद्रवी असतात, त्या म्हणाल्या; मोठी, वेड्यावाकड्या कडेची किंवा वाढणारी गाठ असेल तर काळजी. गाठ जास्तीचं हार्मोन बनवते का, हे मात्र चित्रात दिसत नाही. त्यासाठी रक्त आणि लघवी तपासायची. ते ठीक असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन.

"ह्याच मशीनवर?"

"ह्याच. तुलना करायची तर तसंच करायला हवं."

"बरोबर," वडील म्हणाले. "मोजायचं गेज बदललं की मापाला अर्थ नाही."

वडिलांनी सर्जनना थांबायला सांगितलं. सर्जन नाराज झाले, पण तपासण्या ठीक आल्यावर थांबले. ते तीन महिने आईनं उपास केले, मी ऑफिसात चिडचिड केली. वडील कामावर जात राहिले. पाठीच्या कळा दरम्यान आपोआप थांबल्या; लेथवर वाकून पाठ आखडली असावी, एवढंच.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी बाईंनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी लावली. वडील खुर्चीतून उठून पेटीजवळ गेले. दोन्हीकडे अठराच. कड तशीच.

"ऑपरेशन नको," बाई म्हणाल्या. "सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

"सहा महिन्यांनी मी गावी असेन. आंबे असतात."

"मग आंबे उतरवून या."

"सात महिन्यांनी चालेल?"

"चालेल, काका."

बाहेर आल्यावर वडिलांनी बसची वाट न पाहता रिक्षा थांबवली. आईला लवकर कळायला हवं, एवढंच म्हणाले.