गभरामण

मुलांनो,

परवा तुम्ही विचारलंत, "आजी, एवढं आमंत्रण आलं, मग गेली का नाहीस?" फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते. इथे सुरतेत दिव्यांग मुलांच्या ज्या वसतिगृहात मी चित्रकला शिकवत असे, तिथल्या विश्वस्तांनी करोनातल्या सेवेबद्दल स्वतःचाच सत्कार ठेवला होता. शाली, श्रीफळं, फोटोवाला, सगळं.

त्या दिवसांत मुलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या मावश्या आतच कोंडलेल्या. मी दुपारी व्हिडिओ कॉल करायची. एक मावशी इथल्याच गोडादरा वस्तीतली, मूळची धुळ्याकडची. तिच्याकडे जी मुलगी होती तिला बोलता येत नाही, हातपायही तिचं ऐकत नाहीत.

एका दुपारी मावशीने फोन मुलीपुढे धरला. मुलगी शांत पडली होती, पण प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते आणि गळ्याखाली खळगा पडत होता.

"अगं, ही केव्हापासून अशी?"

"सकायपासून, बाई. ताप शे थोडा."

"मग ऑफिसात कळवलं का नाहीस?"

"साहेबनी सांगं, गभरामण व्हई तर फोन करजो. ही कोठे घाबरनी? मी जोडेच बठेल शे. रडत बी नई."

गुजरातीत गभरामण म्हणजे जीव कासावीस होणं, गुदमरणं. मावशीला त्यात घाबरणं ऐकू आलं. आणि मुलीने घाबरू नये म्हणून ती सकाळपासून तिचा हात धरून बसली होती!

मी व्यवस्थापकांना फोन करून आधी ॲम्ब्युलन्स मागवली. मग विचारलं, बायकांना नीट का सांगितलं नाही?

"बेन, नोटिस तो लगावेली छे. वरसोथी सुरतमां रहे छे, आटलुं नथी समजती?"

"भाई, भाजीचा भाव करण्यापुरतं गुजराती येतं तिला. श्वास अडकला हे कसं ओळखायचं, ते तुम्ही कोणत्या भाषेत शिकवलंत?"

"तो तमे टीचर छो ने? तमे शिखवाडो!"

टोमणा होता. मी तो कामाला लावला. दुसऱ्याच दिवसापासून फोनवर मराठीत आणि हिंदीत मावश्यांचा वर्ग सुरू केला: फ्रॉक वर करा, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का बघा, ओठांचा रंग बघा. मूल रडत नाही म्हणजे बरं आहे, असं समजू नका.

मुलगी हॉस्पिटलात ऑक्सिजनवर राहिली. ती परत आली तेव्हा मावशीला काढून टाकलं होतं. कारण दिलं, निष्काळजीपणा. हात न सोडणाऱ्या बाईला निष्काळजी म्हणणाऱ्यांच्या गळ्यात हार पडताना मी टाळ्या वाजवायच्या? मी भांडले, पत्रं दिली, काही झालं नाही. मावशी आता शहराच्या टोकाला कोसाडला राहायला गेली आहे, घरी बसून साड्यांना लेस लावते. सत्काराला एकाही मावशीला बोलावलं नव्हतं.

मुलगी जिवंत आहे. तिला सांभाळणाऱ्या बायका अजून रोज सकाळी तिचा फ्रॉक वर करून बरगड्या बघतात.