मेलो मी, उठला दुसरा

"लता, उसको मत लगा. अभी धुला है."

चर्चचा कारभार बघणाऱ्या एल्डर साहेबांच्या मॅडम एवढंच म्हणाल्या आणि आईच्या हातातून चोगा काढून घेतला. पांढराशुभ्र चोगा. ईस्टरच्या पहाटे आमच्या चर्चच्या अंगणात नाटक होतं, त्यात उठलेला येशू घालतो तो. आईनंच तो धुतला होता. भाताच्या पेजेची खळ देऊन इस्त्री केला होता. आणि लांबी बरोबर आहे का बघायला माझ्या खांद्यांना लावून धरला होता.

आईला वाटलं, मॅडमना माहीत नसेल. ती हसून म्हणाली, "मॅडमजी, यही तो पहनेगा. इस साल यीशु यही है."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मग त्याही हसल्या. वाईट नाही हसल्या. लहान मूल काही भलतंच बोललं की हसतात ना, तशा.

"अरे, तेरा वाला तो मुर्दा है. उठने वाला अपना रोहन है."

रोहन म्हणजे त्यांचा मुलगा. मी आठवीत होतो. चप्पल बाहेर काढून त्यांच्या मागच्या व्हरांड्यात उभा होतो. मॅडम चोगा घेऊन आत गेल्या तरी आईचे हात तसेच समोर होते. काहीतरी धरल्यासारखे.

चूक माझ्याच समजुतीची होती. युथ ग्रुपच्या भैयानं मला सांगितलं होतं, "तू यीशु है, कब्र वाला सीन." मी पळत घरी गेलो. आईला सांगितलं. आईनं जबलपूरच्या कांचघर भागामागची आमची सगळी बस्ती गोळा केली. ती सांगत सुटली, माझा मुलगा येशू होणार. एक वर्ष नाही दोन वर्षं नाही, आम्ही इतकी वर्षं त्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत आलो, आणि आता माझा मुलगा येशू.

मला काय माहीत की येशू दोन असतात.

आमच्याकडे नाटक असं होतं. बांबू आणि तागाची पोती यांची गुहा करतात. तिच्यावर चुना आणि काळा रंग मारतात. अंधार असताना शिपाई मेलेल्या येशूला उचलून आणतात, गुहेत ठेवतात, प्लायवूडचा धोंडा लावतात. मग गाणं होतं. उजाडायला लागलं की घंटा वाजते, हॅलोजन लागतो, धोंडा सरकतो आणि चोगा घातलेला येशू हात पसरून बाहेर येतो. सगळी मंडळी उभी राहते. हालेलुया.

मेलेला आणि उठलेला, दोघे वेगळे. भैयानं कारण सांगितलं होतं. जमिनीवर झोपलं की चोगा मळतो. "और चेहरा तो ढका रहेगा. कोई भी चलेगा."

कोई भी.

मग मेलेल्याचं काय होतं? गुहेच्या मागच्या बाजूला पोत्याला फट ठेवलेली असते. गाणं सुरू असताना मेलेल्यानं त्या फटीतून सरपटत बाहेर निघायचं. उठणारा अंधारातच धोंड्याआड येऊन उभा राहतो. तो बाहेर पडल्यावर बायका गुहेत डोकावतात तेव्हा गुहा रिकामी दिसली पाहिजे. तो कुठं गेला, हे कुणी विचारत नाही.

आम्ही जातीनं कोण होतो, हेही आमच्या चर्चमध्ये कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे. माझे पणजोबा भंडाऱ्याकडून कामाला जबलपूरला आले आणि इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. मॅडमच्या घरचेही मूळचे मराठीच. त्यांचे पूर्वज ब्राह्मण होते, हे त्या अजूनही पाहुण्यांना सांगतात. पाहुण्यांशी त्या मराठीत बोलतात, फार शुद्ध. आमच्याशी हिंदीत. आई इतकी वर्षं त्यांच्याकडं कपडे-भांडी करायची, पण तिच्याशी त्या कधी मराठीत बोलल्या नाहीत.

त्या पहिल्या ईस्टरला मी झोपलो. चादरीत श्वास गरम होत होता. बाहेर गाणं सुरू झालं तसा मी मागं सरकलो. कोपर खरचटलं. फटीतून डोकं बाहेर काढलं तर समोर आईचे पाय. ती पुढं बसलीच नव्हती. सगळी मंडळी त्या बाजूला तोंड करून होती, आई या बाजूला उभी होती.

तिनं मला नावानं हाक मारली. हळू. मग म्हणाली, "पाठ किती भरली रे तुझी. इकडे हो, झटकू दे."

आणि पदरानं माझी पाठ झटकायला लागली. पलीकडे घंटा वाजली, लोक ओरडले. रोहन उठला होता. आई माझी पाठ झटकत होती.

"काहून रडून राहिला?" ती म्हणाली. रडत ती होती.

पुढच्या वर्षी मीच. त्याच्या पुढच्या वर्षी मीच. नाही म्हणायचं असतं हे मला माहीत नव्हतं. आई त्यांच्याकडं कामाला होती. आणि खरं सांगू का, चर्चमध्ये मला तेवढीच जागा होती. भैया म्हणायचा, याच्यासारखं निपचित कुणी पडत नाही. रोहन चांगला मुलगा आहे, त्यानं मला कधी शिवी दिली नाही. एकदा म्हणाला, "तू लकी है यार, तेरे को डायलॉग याद नहीं करने पड़ते." त्याच्या तळहातांवर मॅडम लिपस्टिकनं खिळ्यांच्या खुणा करायच्या. मला खुणा नसायच्या. चादरीत कुणाला दिसणार?

मुलं मला मुर्दा म्हणायला लागली. ए मुर्दे, बॉल फेक. ए मुर्दे, तेरी मम्मी बुला रही. मला त्याची सवय झाली. मग बारावी पास झालो, कॉलेजात गेलो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. तिथं हजेरीला सर पूर्ण नाव घेतात. सुरुवातीला मला ओ द्यायला वेळ लागायचा. हा कोण, असं वाटायचं. महिनाभर बरं चाललं. मग चर्चमधला एक मुलगा कँटीनमध्ये भेटला आणि लांबूनच ओरडला, "अरे मुर्दे, तू यहाँ?" बाकीची मुलं हसली. त्यांना मी सांगितलं की नाटकातलं नाव आहे.

आई मात्र दरवर्षी मागं उभी असायची. गेल्या वर्षी भैया मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. तो तिला म्हणाला, "आंटी, आप फ्रेम में आ रही हो, हटो." आई हटली नाही. खाली बसली. मी फटीतून आलो तेव्हा ती मातीत उकिडवी बसली होती, मान खाली घालून, म्हणजे दिसू नये. आणि तिथूनच तिनं मला नावानं हाक मारली.

या थंडीत आई गेली. आधी ताप, मग धाप. सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. बाबा मी लहान असतानाच गेले होते, म्हणून घरी आता मी एकटा.

कब्रस्तानात पास्टर साहेबांनी सांगितलं की ही बहीण उठेल. नव्या, तेजस्वी शरीरानं उठेल. जुनं काहीच राहणार नाही. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मॅडम आल्या होत्या. रुमाल नाकाला लावून जरा लांब उभ्या होत्या. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बहुत अच्छी बाई थी. कपड़े बहुत साफ धोती थी."

मी आमेन म्हटलं नाही. मला भीती वाटली. हे वाचून कुणी हसेल, पण खरंच वाटली. मी इतकी वर्षं पाहिलं होतं ना, आत कोण झोपतं आणि बाहेर कोण येतं. आईची कबर उघडेल आणि तिच्यातून दुसरीच कुणी आली तर? गोरी, धुतलेली, हाताला भेगा नसलेली? लोक उभे राहतील, गातील. आणि माझी आई कुठल्या तरी मागच्या फटीतून सरपटत निघून जाईल. तिथं तिच्यासाठी कोण उभं असेल?

हे डोक्यातून जाईना. पास्टर साहेबांना विचारायची हिंमत नव्हती. मग ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात मी बायबलमधलं पुनरुत्थानाचं वचन स्वतः वाचलं. लहानपणापासून ऐकलेलं, पण स्वतः कधी वाचलं नव्हतं. फार हळू वाचलं.

तिथं येशू एकच आहे.

एवढंच. ज्याला मारलं तोच उठला. दुसरा कुणी स्वच्छ कपड्यातला माणूस मागून आला नाही. उठल्यावरही त्याच्या हातांत भोकं होती. थोमा नावाच्या शिष्याला पटेना, तेव्हा येशूनं चोगा नाही दाखवला, जखमा दाखवल्या. देवाला त्या भरून काढता आल्या नसत्या का? त्यानं ठेवल्या. म्हणजे ओळख पटावी. म्हणजे कुणी म्हणू नये की तो मेलेला वेगळा होता.

आणि येशूची शिष्या मग्दालिया मरीया. ती अंधारात एकटी कबरेपाशी आली होती. उठलेल्या प्रभूला बघायला नव्हे, मेलेल्याची काळजी घ्यायला. तिला तो ओळखू आला नाही. त्यानं नावानं हाक मारली तेव्हा ओळखू आला. चर्चमध्ये हे वचन इतक्यांदा ऐकलं, पण ती बाई कशी असेल ते मला आता कळलं. मला ती माहीत आहे. तिच्या पदराला माझ्या पाठीची माती लागायची.

ईस्टर जवळ आला तसा भैयाचा फोन आला. तू है ना इस बार भी. आणि मॅडमनी घरी बोलावलंय.

मी गेलो. मॅडमनी दारातच माझ्या हातात पिशवी दिली. आत चोगा होता. आणि त्या माझ्याशी मराठीत बोलल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

"तुझ्या आईसारखी इस्त्री कुणालाच जमत नाही रे. तू पाहिलं असशील ना तिला करताना? एवढं करून दे."

आवाज मऊ होता. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. कुणीतरी आईची आठवण काढली. मी पिशवी घेतली आणि घरी आलो. भात लावला, पेज काढली. आई करायची तशी.

चोगा पाण्यात घालायला उघडला. कॉलरच्या आत बोट फिरवलं. तिथं आईनं गेल्या वर्षी घातलेला टाका होता, बारीक, बाहेरून दिसणार नाही असा. पेज गार झाली. तिच्यावर साय धरली.

मला नाही करता आलं.

दुसऱ्या दिवशी तो चोगा तसाच चुरगळलेला पिशवीत घालून घेऊन गेलो. एल्डर साहेब, मॅडम आणि रोहन नाश्ता करत होते. भैयाही होता. मी चप्पल काढली नाही, कारण दारातून आत गेलो नाही. म्हणालो, इस्त्री केलेली नाही. आणि यंदा मी झोपणारही नाही.

पिशवी उंबऱ्यावर ठेवली.

भैया म्हणाला, "फिर मुर्दा कौन बनेगा?"

"जो उठेगा, वही."

रोहननं चमचा खाली ठेवला. "मैं? ज़मीन पर?" तो चिडला नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

एल्डर साहेब म्हणाले, "कॉलेज जाके ज़बान आ गई है." मॅडमनी पिशवी घेतली आणि आतून तपासली. मग पुन्हा हिंदीत म्हणाल्या, "ठीक है, जाओ."

पास्टर साहेबांनी यंदा तरुणांना सांगितलं होतं, पुनरुत्थान माझ्यासाठी काय आहे ते लिहून आणा, ईस्टरच्या उपासनेत वाचायचं. मी हे लिहिलं. दुसरं काही सुचलं नाही. त्यांना आधी दाखवलं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळले. वाईट माणूस नाहीत ते. म्हणाले, "बेटा, ईस्टर खुशी का दिन है. मम्मी वाला रख लो. मैडम वाला निकाल दो."

मी प्रयत्न केला. मॅडम काढून पाहिल्या. मग आईचे हात कशानं फाटले, ते कसं सांगू? खिळे काढून टाकले तर जखमा कशाच्या?

म्हणून काहीच काढलेलं नाही. उद्या पहाटे माझं नाव घेतलं तर मी पुढं जाऊन हे वाचेन. नाही घेतलं तरी जाईन. आमेन म्हणायला कुणी नसेल, मला माहीत आहे. गुहेच्या मागं आता कुणी उभं नाही, तेही माहीत आहे. हे वाचल्यानं आई परत येणार नाही.

पण चेहऱ्यावर चादर घेऊन मी पुन्हा झोपणार नाही. माझ्या जागी दुसऱ्याला उठू देणार नाही.