सव्वादोनचा हात

माझ्या आणि माझ्या मुलीच्या बांगडीचं माप एकच, सव्वादोन. कॉलेजात असल्यापासून ती माझ्या बांगड्या न विचारता घेऊन जाते आणि परत करायचं विसरते. तळहात तसाच लहान, बोटं तशीच आखूड, अंगठासुद्धा तसाच मागे वळणारा. या एका मापापायी मला, दिवाळीत फुलबाजीच्या पुढे कधी न गेलेल्या बाईला, शारजाजवळच्या उम्म अल कुवैनला जाऊन रिव्हॉल्व्हर चालवावं लागलं.

मुलगी इथे शारजात वाढली. फूड कोर्टात टेबल अडवायला लोक फोन ठेवून जातात आणि तो तसाच राहतो, अशा देशात. आता ती अलास्कात असते आणि नद्यांमधल्या माशांवर संशोधन करते. यंदाचा उन्हाळा तिला जंगलातल्या कॅम्पवर काढायचा होता. जिथे मासे तिथे अस्वलं. म्हणून तिच्या ऑफिसचा नियम असा की कमरेला तिखटाचा स्प्रे आणि छातीवर पट्ट्यात रिव्हॉल्व्हर घेतल्याशिवाय नदीवर जायचं नाही. ते ऑफिसच देतं, पण हाताला कुठलं मानवतं ते ज्याचं त्याने सांगायचं. तिने आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन फोटो टाकले. एक हलकं, एक जड.

माझा नवरा अल क्वोजच्या कारखान्यांच्या वस्तीत एका वर्कशॉपमध्ये पंपांची देखभाल बघतो. घरात मिक्सर घ्यायचा तरी महिनाभर अभ्यास करणारा माणूस. रोज जेवताना माझं शिक्षण सुरू झालं.

"अगं, पिस्तूल जॅम होऊ शकतं. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादी गोळी नाही उडाली, तर परत ट्रिगर दाबायचा, नेक्स्टवाली येते. डबल अ‍ॅक्शन म्हणजे आधी मागचा घोडा ओढायची भानगड नाही. घाबरलेल्या माणसाला एकच काम. दाबायचं, खलास."

"मग त्यात वाईट काय?"

"ट्रिगर कडक असतो. छोट्या हाताला जड जातो. आणि कॅलिबर मोठंच पाहिजे, फोर्टी-फोर. छोट्या गोळीने अस्वल मरत नाही, चिडतं."

हे तो आमटी वाढून घेत बोलत होता. चिडलेल्या अस्वलासमोर कोण उभं आहे, ते त्या वाक्यात नव्हतं, पण मला दिसत होतं. मी ताट घेऊन उठले.

त्यानंतर मला भीतीने पुरतं धरलं. भाजी चिरताना, बँकेच्या रांगेत, कुठेही ती गाठायची. मी फोनवर अस्वलं बघायला लागले. बघू नये हे कळत असून बघायची. ती धावतात किती जोरात, आवाज न करता झुडपातून येतात कशी. उन्हाळ्यात तिच्या आणि आमच्या वेळेत बरोबर बारा तासांचं अंतर असतं, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळात बघितलं की काटे दोघींकडे एकाच जागी असायचे. आधी मला त्याचं कौतुक होतं. आता मी त्या घड्याळाकडे पाठ करून बसायला लागले.

मग एका व्हिडिओ कॉलवर नवऱ्याने तोडगा काढला. "हे बघ, आईचा हात म्हणजे तुझाच हात. इकडे शूटिंग रेंज आहे. आई दोन्ही टाइपची चालवून बघेल. तिला जमलं तर ते तू घे. नाहीच जमलं, तर यंदा लॅबमधली जागा घ्यायची. डील?"

मला वाटलं, आता पोरगी उसळणार. लहानपणी सायकलला मागून धरलेलं तिला खपत नसे. पण ती जरा थांबली आणि म्हणाली, "ओके बाबा. डील. आय ट्रस्ट आई." इतक्या सहज तिने कसं ऐकलं, याचं मला नवल वाटलं. पण माझ्यावर काय येऊन पडलंय याच्याच धास्तीत मी होते.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. रेंजच्या काउंटरवर ओळखपत्रं दिली. आत शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक पाकिस्तानी गृहस्थ होते. माझा चेहरा बघूनच ते म्हणाले, "बाजी, पहले पानी पियो." बाजी म्हणजे ताई. मग त्यांनी बांगड्या काढायला लावल्या. उजव्या हातातली सोन्याची बांगडी साबण लावल्याशिवाय निघेना, ती त्यांनी हँडवॉश आणून काढवली. शेजारच्या गाळ्यात कुणीतरी गोळी झाडली आणि कानांवर जाड हेडफोन असूनही मी दचकले. मी नवऱ्याची बाही धरली. खरं सांगते, तेव्हाच मी म्हणणार होते, नाही जमत, चला घरी.

आधी हलकं दिलं. हातात घेतलं तेव्हा बरं वाटलं, पर्समध्येही मावेल असं. ट्रिगर दाबताना बोट दुखलं, पण दबला. आणि पुढच्या क्षणी मनगट मागे फेकलं गेलं, तळहातात कळ घुसली, डोळ्यांतून पाणीच आलं. गोळी कुठे गेली देव जाणे. दुसऱ्या वेळी हातच वर उठेना.

मी मागे वळून बघितलं. नवऱ्याचा चेहरा खुलला होता. "राहू दे," तो म्हणाला, "नको त्रास करून घेऊस. यल्ला, निघू या."

"जनाब, दूसरा तो ट्राय करने दो," मास्तर म्हणाले.

दुसरं स्टीलचं, चांगलंच जड. दोन्ही हातांनी धरूनही त्याचं तोंड खाली झुकत होतं. "पकड टाइट. आँख बंद नहीं करना. ट्रिगर धीरे-धीरे, पर बीच में रुकना नहीं." मी दाबलं. निम्म्यावर येऊन बोट अडलं आणि मी सोडून दिलं. पुन्हा दाबलं, पुन्हा अडलं. समोर कागदावर नुसतं काळं वर्तुळ होतं, पण मला गुडघाभर पाण्यात उभी असलेली माझी पोर दिसली आणि तिचंही बोट तिथेच अडलेलं दिसलं. मी ओरडले, काय ते आठवत नाही, आणि बोट शेवटपर्यंत नेलं. दणका बसला, पण तो त्या जड लोखंडानेच बराचसा गिळला. मनगट जागेवर राहिलं. मग मी थांबलेच नाही. गोळ्या संपल्या तरी दाबत होते. मास्तरांनी हलकेच माझा हात खाली केला. "माशाल्ला बाजी. हो गया."

मी वळले, तर नवरा बाकावर बसला होता आणि त्याच्या तोंडावर रंग नव्हता.

परतताना पेट्रोल पंपावर गाडी थांबवून तो म्हणाला, "तिला सांग, नाही जमलं."

"अरे, पण जमलं ना."

"मला वाटलं होतं, तुला जमणार नाही. म्हणून तर तुला नेलं." त्याचा आवाज फाटला होता. "तू नाही म्हटलंस तर ती ऐकेल. माझं नाही ऐकणार."

म्हणजे इतक्या दिवसांचे ते धडे या माणसाने भीतीपोटीच दिले होते. मला तो असा घाबरलेला कधी माहीत नव्हता. त्याने माझी भीती दुप्पट झाली, आणि खोटं बोलायचा मोहही झाला. एक शब्द बोलायचा होता. पोरगी लॅबमध्ये, दाराच्या आत, दिव्याखाली.

"आणि आपलं न ऐकता गेली तर?" मी म्हटलं. "तर जड जमत नाही असं समजून फोटोतलं हलकं घेऊन जाईल. त्याने माझा हात उठेनासा झाला होता."

त्याने गाडी सुरू केली.

घरी येऊन व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे मध्यरात्र उलटली होती, तरी ती जागीच होती. "सो? आई?" तिने विचारलं. नवरा माझ्यामागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"जड घे," मी म्हटलं. "हलकं बिलकूल घेऊ नकोस. ट्रिगर निम्म्यावर अडतो, तिथे सोडायचा नाही. जमतं. मला जमलं."

मग माझी पोर, जी दुसरीत गेल्यापासून मला इंग्रजीतच उत्तर देत आली आहे, मराठीत बोलली.

"आई, मला वाटलं होतं तू नाही म्हणशील."

म्हणजे त्या दिवशी तिने सहज ऐकलं नव्हतं. बापासारखीच तीही माझा हात नाही म्हणेल या भरवशावर बसली होती.

"अजून म्हणू का?" मी विचारलं.

ती रडत होती हे दिसत होतं. नाक पुसून ती म्हणाली, "नको." मग म्हणाली, "हात दाखव."

मी उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला. तो सुजून लाल झाला होता. तिने आपला हात त्याच्याशेजारी येईल असा धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

ती गेली. जड घेऊन गेली. सूज केव्हाच उतरली आहे, बांगडी कपाटात आहे. पोर परत आल्याशिवाय मला ती हातात चढवायचा धीर होत नाही.