विहिरीची दोन सभागृहे

मंगळवार, १७ डिसेंबर २०२४. सकाळी सात वाजून दहा मिनिटे.

वेळ नेमकी सांगता येते, कारण ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली तेव्हा मी मनगटावर घड्याळ बांधत होतो. ती म्हणजे माझ्या धाकट्या भावाची पत्नी. भाऊ सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून दीड एकर ती एकटीच करते. आमच्या घरात धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही. ही रीत मी घातलेली नाही. मोडलीही नाही. तिला मला काही सांगायचे असले की ती माझ्या पत्नीला सांगते, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"बाई, त्याइले सांगा, हरबऱ्याले दोन दिवसात कळी येते. फुलावर पाणी देलं तं फूल गळते. आज-उद्या भेटलं तं भेटलं, नाई तं मुरमाच्या वावरात काई राहत नाई."

मी पुढच्या खोलीतून पत्नीलाच उत्तर दिले. "रविवारी बैठक झाली. पाळी बदलण्याचा प्रस्ताव नामंजूर झाला. तो विषय संपला." घरी मी वऱ्हाडीच बोलतो, नियमांविषयी बोलताना मात्र माझी भाषा पुस्तकी होते.

मग ती म्हणाली, "कायदा त्याइनच लिहला. चावी त्याइच्याच कमरेले. न्याय बी तेच करतेत. बाई, त्या अमेरिकेत बी असाच एकच माणूस असते का?"

पत्नी हसली. मी चहा न घेता उठलो.

अमेरिकेचे नाव तिच्या तोंडी येण्याचे कारण मीच होतो. मोताळ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षे राज्यशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर सामायिक विहिरीचा तंटा माझ्या अंगावर आला. विहीर एक, मोटार एक आणि घरे सात. एका चुलत भावाचे बारा एकर, माझे नऊ आणि उरलेल्या पाच घरांचे मिळून बारा. पाण्याची पाळी कोण ठरवणार यावर भांडण होई. चुलत भाऊ म्हणे, ज्याची जमीन जास्त त्याचा शब्द जास्त. लहान शेतकरी म्हणत, विहीर खणताना सगळ्यांच्याच बापांनी टोपल्या वाहिल्या, मग प्रत्येक घराला एक मत.

हा वाद माझ्या ओळखीचा होता. अमेरिकेची घटना लिहिणारे याच प्रश्नावर अडले होते. मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे मते हवी होती, लहानांना समान. त्यांनी दोन सभागृहे केली. प्रतिनिधीगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन, मग राज्य केवढेही असो. कायदा दोन्हींकडून मंजूर झाला पाहिजे. मी विहिरीच्या नियमांची एक वही केली आणि तीत तसेच लिहिले. पाळी बदलायची तर घरांचे बहुमत हवे आणि एकरांचेही हवे. वहीचा अधिकार तीनच गोष्टींवर चालेल: पाळी, मोटारीची दुरुस्ती आणि विहिरीतला गाळ. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत कोणी काय पेरावे हे ज्याचे त्याने पाहावे. अमेरिकेतही संघशासनाला घटनेने दिले तेवढेच अधिकार आहेत. बाकीचे राज्यांकडे आणि लोकांकडे राहतात.

बैठकीत मी हे सगळे अमेरिकेचा दाखला देऊन समजावले होते. चुलत भाऊ म्हणाला होता, "दादा, तिकडचे लोकं इहिरीवर भांडतेत का?" सगळे हसले आणि सगळ्यांनी सह्या केल्या. तीन वर्षे वही चालली. पंपघराची चावी माझ्याकडे, कारण मी घरीच असतो. तंटे माझ्याकडे, कारण मी शिक्षक. नियम माझे, कारण मी लिहिले. यात काही चुकते आहे असे मला कधी वाटले नाही.

रविवारी तिचा प्रस्ताव आला होता. या फेरीत तिची शेवटची पाळी पहिली करावी. घरांच्या मतांत पाच जण बाजूने, चुलत भाऊ विरुद्ध. मी अध्यक्ष म्हणून मत दिले नाही. एकरांच्या मतांत बारा बाजूने, बारा विरुद्ध. माझे नऊ एकर तेवढे उरले होते. सगळे माझ्याकडे पाहत होते. न्याय करणाऱ्याने बाजू घेऊ नये, असे म्हणून मी गप्प राहिलो आणि वहीत 'नामंजूर' लिहिले.

अमेरिकेचा उपराष्ट्रपती सिनेटचा अध्यक्ष असतो. त्याला एरवी मत नाही. मते समसमान पडली तर आहे. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. माझ्या वहीतून तेवढेच कलम गळले होते.

गप्प राहण्याचे दुसरेही कारण होते. ती पहिली आली असती तर चुलत भाऊ दुसरा आणि मी तिसरा झालो असतो. माझा गहू दोन दिवस मागे पडला असता.

आठ वाजता मी विहिरीवर गेलो. शेतीची लाईट साडेआठला येणार होती. या आठवड्यात ती दिवसाची आहे, साडेचारपर्यंत. मी कुलूप उघडले, मोटार पाहिली, पुन्हा कुलूप लावले. चुलत भावाच्या गव्हाला पाणी चालू करायचे म्हणजे ते पुन्हा उघडावे लागणार होते. मी तिथेच फेऱ्या मारल्या. तिचे वावर विहिरीला लागून आहे. हरबरा वीतभर उंच, पाने मलूल, शेंड्यांवर हिरवे बारीक टोक. कळ्या अजून उमललेल्या नव्हत्या. मी दोनदा वाकून पाहिले.

लाईट आली. मोटार सुरू केली. घरी आलो, कपाटातून शिकवण्याची जुनी टिपणे काढली आणि उभ्यानेच वाचली. काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, कायदे करते. राष्ट्रपती ते अमलात आणतो. न्यायालय त्यांचा अर्थ लावते. राष्ट्रपती कायदा नाकारू शकतो. दोन्ही सभागृहे दोन तृतीयांश मतांनी त्याचा नकार मोडू शकतात. न्यायाधीश तो नेमतो, पण सिनेटच्या संमतीनेच, आणि एकदा नेमले की त्यांचे पद त्याच्या मर्जीवर राहत नाही. आपल्याकडे मंत्री संसदेत बसतो. तिथे काँग्रेसच्या सदस्याला सरकारी पद घेता येत नाही. घेतले तर जागा सोडावी लागते. या वाक्याखाली मी लाल शाईची रेघ ओढलेली होती, परीक्षेत येते म्हणून.

पत्नी पोळ्या लाटत होती. मी तिला विचारले, "राष्ट्रपतीवर आरोप कोण ठेवते, ठाऊक आहे?"

"मले काऊन ठाऊक असंन?"

"प्रतिनिधीगृह आरोप ठेवते. सिनेट खटला चालवते."

"अन् तुमच्यावर कोन चालवते? मी चालवू का?" तिने लाटणे बाजूला ठेवले. "ते बाई सहा वर्षं झाले माह्याशी बोलते अन् तुमाले आयकवते. अर्जीच पोचत नाई त्या कोर्टाची काय शोभा? अन् तुम्ही तं पाटलावानी कागद वाचत उभे."

मी जेवलो नाही. माझा गहू पाहायला गेलो. मुकुटमुळे फुटतात तेव्हाचे, म्हणजे पेरणीनंतर तीन आठवड्यांचे, पाणी देऊन झाले होते. जमीन बोटभर खाली ओली होती. गहू चार दिवस थांबू शकत होता. हे मला रविवारीही ठाऊक होते.

चुलत भावाची पाळी दुपारी दोनला संपणार होती आणि माझी सुरू होणार होती. माझी पाळी मी कोणालाही देऊ शकतो. वहीत त्याला ठराव लागत नाही. तेवढे केले असते तर हरबरा वाचला असता. पण पुढच्या फेरीतही तिला माझ्या मनाचा अंदाज घेत स्वयंपाकघरात उभे राहावे लागले असते. मी एक कागद लिहिला. चावी विहिरीला लागून वावर असलेल्या घराकडे, म्हणजे तिच्याकडे. तंटा तिच्या धाकट्या दिराकडे, माझ्या सर्वांत धाकट्या भावाकडे. तिथे ती थेट बोलू शकते. माझ्याकडे फक्त वही आणि माझे मत. समसमान मते पडली तर अध्यक्षाने मत द्यावे. मौन चालणार नाही.

अकरा वाजता मी घरोघर निघालो. लहान शेतकऱ्यांनी उभ्याउभ्या सह्या केल्या. सर्वांत धाकटा भाऊ म्हणाला, "तुमच्याइरुद्ध तक्रार आली तं मी निकाल देऊ का, दादा?"

"द्यायचा."

"मंग तुमी मलेच बोलसान."

"बोलेन. तरी द्यायचा."

चुलत भाऊ शेवटी भेटला. तो आपल्या गव्हाच्या बांधावर पाणी मोडत होता, एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत होता. कागद वाचला आणि परत दिला. "रविवारी तोंडात गुळणी होती का तुमच्या? सगळ्याइसमोर माही बाजू राह्यली असं दिसलं, अन् आज दारोदार फिरून मलेच एकटं पाडलं."

"तुझी बाजू राहिली नव्हती. मी बोललो नव्हतो."

"एकच होते ते."

त्याचे बरोबर होते. मी तसे म्हणालो.

"अन् चावी बाईच्या हातात? लाईट गेली, फ्यूज उडाला तं?"

"ती सहा वर्षे स्वतःचाच फ्यूज बांधते आहे. तुझी सही नसली तरी घरे सहा आणि एकर एकवीस झाले. पण तुझे 'विरुद्ध' मी वहीत लिहीन."

"लिहा. मोठ्या अक्षरात लिहा," तो म्हणाला आणि फावडे उचलून दुसऱ्या वाफ्याकडे गेला. त्याने माझ्याकडे परत पाहिले नाही. मला बसून त्याची समजूत काढायची होती. घड्याळात दीड झाला होता.

दोन वाजता मी विहिरीवर होतो. पत्नीने तिला निरोप पोचवला होता. ती आली, डोक्यावरचा पदर पुढे ओढून पंपघराच्या पलीकडे उभी राहिली. भासऱ्याच्या हातातून काही घ्यायचेही नसते. मी कमरेच्या लांब दोऱ्याची गाठ सोडू लागलो. ती सुटेना; तीन वर्षे सोडलीच नव्हती. दात लावून सोडवली. चावी विहिरीच्या काठावर ठेवली आणि चार पावले मागे सरलो. तिने चावी उचलली.

"उद्या लाईट किती वाजता येते म्हना," ती पंपघराच्या भिंतीला म्हणाली.

"साडेआठ," मी विहिरीला म्हणालो.

"अन् पानी आज कोनाच्या हुकमानं चालू करू म्हना?"

"हुकूम नाही. आजची पाळी माझी होती, ती मी दिली. पुढचे वहीप्रमाणे."

तिने पंपघराचे दार उघडले. पाणी तिच्या वावराकडे वळले आणि पहिल्या सरीत शिरले. कोरडा मुरूम ते इतके पीत होता की टोकापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. मी उभा राहिलो. मला तिथे काही काम नव्हते आणि घरी जावेसेही वाटत नव्हते. ती सरींतून पुढे जात होती. फावड्याने सरीचे दार, म्हणजे पाण्याचे तोंड, धरत होती, मोडत होती. एकदाही वळली नाही.

साडेचारला लाईट गेली. अर्ध्याहून जास्त वावर भिजले होते. तिने कुलूप लावले आणि ओढून पाहिले, जसे मी ओढून पाहत असे. उरलेले उद्या होईल. कळ्या उद्यापर्यंत थांबतील की नाही, हे मला सांगता येत नाही.

ती गेल्यावर मी माझ्या गव्हाकडे जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह घट्ट बंद केला. तो थोडा झिरपतो आणि उद्याही पाणी तिच्याच वावरात जायचे होते. त्यावर पोत्याचे फडके गुंडाळून सुतळीने बांधले.