मैनेचं बसणं

रायपूर ही माझी नोकरीतली शेवटची पोस्टिंग. आमच्या डॉग सेक्शनला कॅम्पच्या कडेची एक बॅरेक, एक पिंपळ आणि पत्र्याच्या छताचं केनेल मिळालं होतं. मी हवालदार होतो, सेक्शनचा उस्ताद. पुस्तकं वाचतो म्हणून जवान मला मास्तर म्हणत. अर्थात पाठीमागे.

कामाची एक गोष्ट आधी सांगायला हवी. स्फोटकं शोधणारा कुत्रा भुंकत नाही आणि उकरत तर मुळीच नाही. वास सापडला की तो त्या जागी बसतो आणि हँडलरकडे बघतो. एवढंच. तो बसला तर मागची माणसं थांबतात. नाही बसला तर चालू लागतात. सगळ्यांचा जीव त्या बसण्यावर असतो.

मैना काळी लॅब्राडोर होती. तिचा हँडलर नायक मेश्राम, इथलाच, गुढियारीचा. वडील रेल्वेत होते. पिल्लू असताना मैना बसायलाच तयार नव्हती. तेव्हा मेश्राम स्फोटकाचा नमुना ठेवलेल्या वासाच्या डब्याजवळ स्वतः जमिनीवर मांडी घालून बसायचा. ती थोडा वेळ त्याच्याकडे बघायची आणि मग शेजारी येऊन बसायची. लगेच चेंडू मिळायचा.

"ही पद्धत मॅन्युअलमध्ये नाही," मी म्हणालो होतो.

"मॅन्युअल माह्या पोट्टीनं कुठं वाचलं, उस्ताद?"

त्या वर्षी कॅम्पात मोठे पाहुणे येणार होते. अशा वेळी आपल्याकडे आधी झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागतो, मग दगडांना. दगड संपले की माणसांची पाळी येते. या वेळी कुत्र्यांचीही आली. डॉग शो चकाचक व्हावा म्हणून वरच्या साहेबांच्या ओळखीचा एक सिव्हिल ट्रेनर बोलावला गेला. शहरातल्या बंगल्यांत त्याला कमांडो सर म्हणत. अंगात फौजी चट्ट्यापट्ट्यांचे कपडे, डोळ्यांवर काळा चष्मा, कमरेला रिमोट. कुठल्या युनिटमध्ये होता, हे मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "स्पेशल."

कुत्र्यांच्या गळ्यात तो जो पट्टा बांधायचा, त्याला आतून दोन बोथट खिळे होते. रिमोटचं बटण दाबलं की ते कुत्र्याच्या गळ्याला शॉक देत.

"कुत्ता बटन समझता है, उस्ताद. प्यार-व्यार इंसानों के लिए है."

मेश्राम तेव्हा बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होता. रिहर्सलला मैना मंडपात शिरली आणि थेट मुख्य पाहुण्यांच्या सोफ्याजवळ जाऊन बसली. कमांडो सरांच्या मते तिने बसायचं होतं त्यांच्या रंगीत खोक्याजवळ. त्यांनी बटण दाबलं. ती किंचाळून उठली, गोल फिरली आणि पुन्हा सोफ्याजवळ बसली. त्यांनी पुन्हा दाबलं, आणि या वेळी बोट उचललंच नाही. ती डोळे मिटून, थरथरत तिथेच बसून राहिली.

मी मध्ये गेलो. साहेबांनी मला बाजूला व्हायला सांगितलं.

नंतर मी मंडपवाल्याला विचारलं. सोफ्याखालचा गालिचा लग्नांच्या फटाक्यांबरोबर एकाच गोदामात असायचा. मैना बरोबर होती. मी ते साहेबांना रीतसर सांगितलं. त्यांनी रीतसर ऐकलं. कार्यक्रमाच्या दिवशी मैना सोफ्याजवळून सरळ पुढे गेली आणि कमांडो सरांच्या हाताच्या इशाऱ्यावर खोक्याजवळ टेकली. टाळ्या झाल्या.

मेश्राम परतला तेव्हा तिच्या गळ्याखाली दोन जखमा पिकल्या होत्या. त्याने पट्टा काढून केनेलमागच्या नाल्यात फेकला. माझ्याशी तो दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "वासाचा डबा ठेवला मी. पोट्टी मान फिरवते अन् माह्या पायामागं लपते. बसतच नाही."

मी तिला ड्यूटीतून काढण्याची शिफारस केली. कागद वर गेला आणि वरच राहिला.

त्यानंतर काही दिवसांनी बीरगांवकडच्या भंगार वितळवणाऱ्या एका भट्टीतून फोन आला. भंगाराच्या ढिगात तोफेचा जुना गोळा सापडला होता. बॉम्ब डिस्पोजलने तो उचलून नेला. पण ढीग मोठा होता. कुत्र्याने उरलेला ढीग तपासून दिल्याशिवाय भट्टी पेटणार नव्हती. आमचे बाकीचे कुत्रे राज्याच्या दक्षिण भागात रस्ते तपासायच्या कामावर होते. केनेलमध्ये मैना एकटी.

सकाळी साडेनऊला आम्ही पोचलो. पत्रे तापायला लागले होते. दोरीपलीकडे शिफ्टचे कामगार उभे होते. मॅनेजर सारखा घड्याळाकडे बघत होता. बॉम्ब डिस्पोजल टीमचे कॅप्टन साहेब तरुण होते आणि शांत.

मेश्रामने मैनेला लांब दोरीवर सोडलं. तिने ढिगाची एक बाजू केली, दुसरी केली. तिसऱ्या बाजूला, गंजलेल्या पत्र्यांपाशी, तिची मान झटक्यात फिरली. तिने ओठ चाटले आणि पुढे निघून गेली. बसली नाही.

रेडिओवर कॅप्टन साहेबांचा आवाज आला. "डॉग बैठा?"

"नहीं साब," मी म्हणालो.

"मतलब क्लिअर?"

मेश्रामने माझ्या हातातला सेट ओढून घेतला. "क्लिअर नहीं, साब. वास आहे तिथं. ही बसायला भिऊन राहिली."

मॅनेजर बोलला, "कुत्ता बैठा नहीं, तो फिर क्या है? मेरी भट्टी ठंडी हो रही है, भैया."

"भट्टीत तू जाशील का फावडं घेऊन?" मेश्राम म्हणाला. "हे पोट्टे जातील."

कॅप्टन साहेबांनी ढिगाकडे बघितलं. मग म्हणाले, "एक बार और. पक्का बताओ."

मेश्रामने तिला परत त्याच जागी नेलं. पत्र्यांपासून काही हातांवर तो थांबला आणि त्या सगळ्यांसमोर, बूट आणि जाड जॅकेटसकट, जमिनीवर मांडी घालून बसला. कामगारांत कोणी तरी हसलं. मी दोरी धरून मागे उभा होतो.

मैना त्याच्याकडे बघत राहिली. तिचे मागचे पाय कापत होते. ती हळूहळू पुढे गेली, पत्र्यांपाशी पोचली आणि बसली.

"कंट्रोल, डॉग टीम. इंडिकेशन मिला. ओव्हर," मेश्रामने सेटवर कळवलं.

"रॉजर. पीछे आओ."

"मैना, ये," मेश्राम म्हणाला.

ती उठली नाही. डोळे मिटून, अंग आखडून ती तशीच बसून राहिली. मंडपात बसली होती तशी. ती शॉकची वाट बघत होती. मेश्रामने पुन्हा बोलावलं. मी दोरी हलकेच ओढली. तिने पंजे रोवले. मागे पत्रे करकरले.

"वापस आओ, मेश्राम," रेडिओ म्हणाला.

"पोट्टीले घेऊन येतो, साब."

तो तिच्यापर्यंत पोचला नाही. वरचा पत्रा घसरला आणि फट्‌ असा आवाज झाला. गोळ्याचा सुटा फ्यूज होता, म्हणजे गोळा उडवणारं टोक. अख्खा गोळा असता तर हे लिहायला मी नसतो. मेश्राम डाव्या अंगावर पडला. डाव्या कानातून रक्त येत होतं. फ्यूज आणि तो यांच्यामध्ये मैना होती.

नंतर त्या ढिगातून आणखी एक जिवंत गोळा निघाला. कामगार त्या संध्याकाळी आपापल्या घरी गेले.

चौकशी झाली. तीत त्या पट्ट्याचा उल्लेख 'प्रशिक्षण साहित्य' असा आहे. कमांडो सरांचं शहरात चांगलं चालू आहे. निवृत्तीनंतर मी रायपुरातच राहिलो. परवा आमच्याच गल्लीतली एक मुलगी तिचा जर्मन शेफर्ड घेऊन आली. गळ्यात तसाच पट्टा.

"अंकल, देखो ना, अब बिल्कुल भौंकता नहीं. दो हफ्ते में सुधर गया."

"भुंकायचा कशावर?" मी विचारलं.

तिने आठवून सांगितलं, "गेट पर कोई आए तो."

"आता कोणी आलं तर तुला कळणार कसं?"

मग खाली वाकून तिने बक्कल सोडलं. पट्ट्याखाली दोन लाल ठिपके होते.

मैनेला आम्ही कॅम्पातल्या पिंपळाखाली पुरलं. वर एक साधा दगड आहे. कॅम्पातल्या बाकी सगळ्या दगडांना चुना लागतो. याला लावू नका, असं मेश्रामने निवृत्त होताना सांगून ठेवलं, आणि नवी पोरं ते पाळतात. वर्षातून एकदा आम्ही दोघं जातो. मी सावधानमध्ये उभा राहतो. तेवढं मला येतं.

मेश्राम दगडाशेजारी मांडी घालून बसतो.